स्टार्टर एकदाच बघायचा

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात शेतीला थ्री फेज वीज बऱ्याचदा रात्रीच मिळते. कपाशीला नाहीतर उसाला पाणी देऊन झालं की शेतकरी रात्री अकराच्या सुमाराला मोटर बंद करतो, स्टार्टरचं झाकण लावतो आणि घराकडे निघतो. अर्ध्या वाटेत मनात येतं, मोटर बंद झाली ना? तो परत जातो. बंदच असते. इथपर्यंत काही वावगं नाही; मोटर जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च काय येतो, हे ज्याचं त्याला ठाऊक. पण समजा, दुसऱ्यांदा निघाल्यावर शंका नव्या रूपात येते: बघितलं खरं, पण नीट बघितलं का? तिसऱ्या फेरीला तो स्टार्टरला हात लावून खात्री करतो. चौथ्या फेरीला मोबाइलवर फोटो काढतो. घरी आल्यावर तो फोटो उघडून बघतो, मग हा आजचाच आहे ना म्हणून तारीख बघतो. बायकोला उठवून विचारतो. आणि पहाटे तीनला बॅटरी घेऊन पुन्हा रानात निघतो.

असा माणूस विसरभोळा नसतो आणि वेडा तर नसतोच. त्याला ओसीडी, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात, तो आजार असू शकतो. हा आजार ओळखता येतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ज्याला तो आहे त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. घरच्यांनी वाचन अर्ध्यावर सोडू नये अशी विनंती आहे, कारण शेवटी बराचसा भाग त्यांच्याच हातात आहे.

या आजाराचे दोन भाग असतात. एक, नको असलेला विचार, चित्र किंवा शंका, जी आपण न बोलावता येते आणि जीव कासावीस करते. दोन, ती कासाविशी शमवण्यासाठी केलेली कृती: धुणं, तपासणं, मोजणं, सरळ मांडणं, कुणाला तरी पुन्हापुन्हा विचारणं. ही कृती बाहेर दिसेलच असं नाही. मनातल्या मनात एकच नाव ठरावीक वेळा घेणं, झालेला प्रसंग डोक्यात पुन्हा फिरवून बघणं, वाईट विचारावर चांगला विचार ठेवून तो खोडणं, याही कृतीच आहेत. बाहेरून माणूस शांत बसलेला दिसतो आणि आत तासन्‌तास हेच चालू असतं.

मग नेटका स्वभाव आणि आजार यांत फरक कसा करायचा? डॉक्टर साधारण असं बघतात: यात दिवसाचा एक तासाहून जास्त वेळ जातो का, त्याचा फार त्रास होतो का, आणि काम, अभ्यास, संसार अडतो का. यातलं काहीही ‘हो’ असेल तर तपासून घ्यावं. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये देशातल्या 12 राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तिच्यात प्रौढांमध्ये मंत्रचळाचं प्रमाण साधारण 0.8 टक्के आढळलं. महाराष्ट्र त्या 12 राज्यांत नव्हता. पण हेच प्रमाण इथे धरलं तर दोन हजार प्रौढांच्या गावात पंधरा-सोळा माणसं अशी निघतील. आपल्या गावात आपण एकटेच असे आहोत, असं त्या प्रत्येकाला वाटत असतं.

आपल्या भागात तो कोणकोणती रूपं घेतो, ते थोडं सांगतो, कारण आजार माणसाच्या जगण्यातलाच विषय उचलतो. फवारणी करून आलेला माणूस औषध अंगाला राहिलं असेल म्हणून कातडी निघेपर्यंत हात घासतो, आणि लेकराला जवळ घ्यायला घाबरतो. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात एखादी बाई भांडी तीनतीनदा विसळते. पाणी संपल्यावर तिला जे बोलणं खावं लागतं त्याने आजार आणखी चढतो. पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणारा मुलगा एकच ओळ वीसदा वाचतो, कळलेली असूनही ‘पूर्ण’ कळली नाही असं त्याला वाटत राहतं. मोटरसायकल खड्ड्यातून गेली की कुणाला धडक तर दिली नाही ना, म्हणून कुणी वळून परत बघायला जातो. हा आजार बहुतेक वेळा लहानपणी किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणून शाळा-कॉलेजच्या शिक्षकांनीही हे लक्षात ठेवायला हवं: खाडाखोड करून वही फाडणारं प्रत्येक पोर आळशी नसतं.

आणि मग ते विचार, जे कुणी उच्चारतच नाही. विळीवर भाजी चिरताना ओल्या बाळंतिणीच्या एकदम मनात येतं, ही विळी बाळाला लागली तर, माझ्याच हातून लागली तर? ती विळी लपवते, बाळाला सासूकडे देते, स्वतःला राक्षसीण समजते. एखाद्याच्या मनात जवळच्या नात्यातल्या माणसाबद्दल घाणेरडं चित्र येतं. राक्षसभुवनला, जे साडेतीन शनिपीठांतलं एक मानलं जातं, शनिअमावस्येच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकाच्या मनात देवाला शिवी येते आणि तो थरथर कापायला लागतो.

अशा सर्वांना आधी एक गोष्ट सांगायची आहे. हे विचार जवळजवळ सगळ्यांना येतात. 1978 मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा सुमारे 80 टक्के लोकांनी असे नकोसे विचार येतात म्हणून सांगितलं. त्यांचे विषयही रुग्णांच्या विचारांसारखेच निघाले. फरक पुढे पडतो. इतरांच्या मनात तो विचार येतो आणि निघून जातो. मंत्रचळ असलेला माणूस तो विचार म्हणजे आपला स्वभाव किंवा आपला बेत समजतो. खरं तर ज्याचं लेकरावर जिवापाड प्रेम आहे त्यालाच लेकराबद्दलचा तो विचार असह्य होतो, आणि ज्याची देवावर श्रद्धा आहे त्यालाच ती शिवी जाळते. विचार तुम्हाला इतका नकोसा वाटतो, यातच तुमची इच्छा त्याच्या उलट आहे हे दिसतं.

विचार दाबून जात नाही. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असं सांगितलं होतं. घंट्या वाजतच राहिल्या. ‘मन मारून विचार काढून टाक’ हा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असला तरी म्हणूनच उपयोगाचा नाही.

तपासूनही खात्री वाढत नाही. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाऊट आणि किंट या संशोधकांनी 2003 मध्ये संगणकावरची गॅसची शेगडी लोकांना पुन्हापुन्हा बंद करून तपासायला लावली. त्यांच्या आठवणीत चूक झाली नव्हती, पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास घटला होता आणि ती अंधूक वाटू लागली होती. म्हणजे पाचव्या फेरीनंतर स्टार्टरबद्दल जास्त शंका येते ती तुमची स्मरणशक्ती गेली म्हणून नव्हे, पाच फेऱ्या झाल्या म्हणून.

हे सावकाराच्या व्याजासारखं आहे. कृती केली की आजचा तगादा मिटतो, घटकाभर हायसं वाटतं, पण मुद्दल तसंच राहतं आणि पुढच्या खेपेला मागणी वाढते. सुटका हप्ता देण्यात नाही, तो न देता तगादा सोसण्यात आहे. मंत्रचळावरच्या वर्तनोपचाराचा पाया हाच. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये असा उपचार दोन रुग्णांवर करून त्याचा अहवाल छापला: ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. आज जगभर हाच उपचार पहिल्या फळीतला मानतात. शक्यतो तो जाणकार समुपदेशकाच्या मदतीने करावा. पण सौम्य त्रास असेल, किंवा तारीख मिळेपर्यंत वेळ असेल, तर घरी सुरुवात करता येते.

एक वही घ्या. दिवसभरात जे जे पुन्हापुन्हा करता ते लिहा, आणि ती कृती केली नाही तर किती अस्वस्थ वाटेल, त्याला शून्य ते शंभर असे गुण द्या. शंभराला हात घालू नका. तीस-चाळीसच्या आसपासची एक गोष्ट निवडा. समजा स्टार्टरचीच निवडली. मोटर बंद करताना मन तिथेच ठेवा, फोनवर बोलत बंद करू नका. एकदा बघा आणि निघा. फोटो नाही, मोठ्याने ‘बंद केली, बंद केली’ म्हणणं नाही, कारण आज जे सोयीचं वाटतं ते महिन्याभरात नवी कृती होऊन बसतं. वाटेत शंका येणारच. तिला उत्तर देऊ नका. ‘नक्की बंद आहे’ अशी स्वतःची समजूत घालणं हीसुद्धा तपासणीच झाली. त्याऐवजी एवढंच म्हणा: चालू असेल किंवा नसेल, आज मी परत जाणार नाही.

पुढचा अर्धा-पाऊण तास अवघड जातो, हे आधीच सांगून ठेवतो. छातीत धडधडेल, पाय वळू बघतील. त्या वेळात जेवा, जनावरांना वैरण टाका, लेकराचा अभ्यास घ्या. अस्वस्थता घालवण्यासाठी नव्हे, ती सोबत असतानाही काम होतं हे अनुभवायला. बहुतेकांची अस्वस्थता हळूहळू उतरते. एखाद्या रात्री उतरली नाही तरी तो दिवस वाया गेला असं समजू नका. ती सोसूनही आपण उभे राहिलो, हेच शिकायचं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. एक गोष्ट सोपी झाली की वहीतली पुढची घ्या.

अगदीच थांबता येत नसेल तर कृती पुढे ढकला. आधी दहा मिनिटं, मग वीस. किंवा चार फेऱ्यांच्या तीन करा. हात धुतलेच, तर लगेच ज्या वस्तूला घाबरून धुतले तिला पुन्हा हात लावा, म्हणजे धुण्याचा हिशेब पूर्ण होणार नाही. हे लहान वाटतं, पण बऱ्याच जणांचा रस्ता इथूनच मोकळा होतो.

फवारणीच्या बाबतीत मात्र जपून. कीटकनाशक हे खरंच विष आहे, आणि मंत्रचळावर मात करायची म्हणून कुणी विषाला हात लावायचा नसतो. हातमोजे, मास्क, काम झाल्यावर साबणाने अंघोळ, फवारणीचे कपडे वेगळे धुणं ही सगळ्यांसाठीची काळजी तुम्हीही घ्या, एकदा आणि पूर्ण. दुसरी अंघोळ ही आजाराची मागणी. तीच रेघ इतर ठिकाणी ओढायची: गावातला काळजी घेणारा, पण या आजाराने न गांजलेला माणूस जेवढं करेल तेवढं करायचं, त्याच्या पुढचं नाही.

ज्यांना फक्त विचारच छळतात त्यांनी विचाराशी वाद घालू नये. ‘मी असा नाही’ हे स्वतःला पटवण्यात रात्र जाते आणि सकाळी पुन्हा पुरावा मागितला जातो. विचार आला की ‘हा ओसीडीचा विचार’ एवढं नाव द्या आणि हातातलं काम चालू ठेवा. त्या बाळंतिणीने विळी लपवू नये, बाळाला लांब ठेवू नये. भाजी चिरावी, बाळाला घ्यावं. आशाताईंना किंवा डॉक्टरांना हे सांगायला लाजू नये. एक अपवाद घरच्यांनी पक्का लक्षात ठेवावा. बाळंतिणीला कुणी तरी आज्ञा देतंय असे आवाज ऐकू येत असतील, बाळाबद्दल विचित्र गोष्ट तिला खरीच वाटत असेल, तिची झोप उडून वागणं एकदम बदललं असेल, तर तो मंत्रचळ नव्हे. बाळाला आणि तिला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

श्रद्धेबद्दल थोडं सावकाश बोलावं लागेल, कारण इथे लोक दुखावले जातात आणि मग उपचारच घेत नाहीत. शनीला तेल वाहणं, गोदावरीत अंघोळ करणं, नेमाने हरिपाठ म्हणणं, पाच वेळा नमाज पढणं यात आजार काहीच नाही. आजार तिथे सुरू होतो जिथे भक्तीतला आनंद जाऊन फक्त धाक उरतो: हरिपाठात एक शब्द अडखळला म्हणून पहिल्यापासून पुन्हा म्हणणं, वजू नीट झाली नाही म्हणून नमाजाची वेळ टळेपर्यंत नळावर बसणं, मनात आलेल्या शिवीच्या भरपाईसाठी अभिषेकावर अभिषेक करणं. यावर एक साधी रीत सांगतो. आपल्या विश्वासातल्या एका जाणत्या माणसाला, महाराजांना किंवा मौलानांना, एकदाच विचारा की सर्वसाधारण माणसाने हे किती वेळा करायचं असतं. ते जे सांगतील ते पाळा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायला जाऊ नका. मनात शिवी आली तरी रांग सोडू नका. दर्शन घ्या आणि घरी या. मात्र ‘बाहेरचं’ आहे म्हणत जो अंगारे-दोरे, मारझोड किंवा उपासमार सांगेल त्याच्या दारात रुग्णाला नेऊ नका. त्याने आजार हटत नाही, उपचाराची वर्षं तेवढी वाया जातात.

आता घरच्यांसाठी. तुम्ही मायेपोटी जे करता, त्यानेच पुष्कळदा आजार पोसला जातो. ‘अहो, बंद आहे मोटर, झोपा आता’ हे विसाव्यांदा सांगणं, तिच्यासाठी वेगळं पाणी भरून ठेवणं, त्याच्याऐवजी कुलूप बघून येणं, या सगळ्याने त्या घटकेपुरती शांतता मिळते आणि आजार घरभर पसरतो. पण म्हणून उद्यापासून एकदम सगळं बंद करू नका, आणि नळ तोडणं, हात धरून ठेवणं, पाहुण्यांसमोर टोमणे मारणं हे तर कधीच नको. एखाद्या निवांत वेळी बसून दोघांनी मिळून ठरवा: प्रश्नाला एकदा उत्तर मिळेल, दुसऱ्यांदा नाही. आणि दुसऱ्यांदा विचारलं की रागावून नव्हे, जवळ बसून म्हणा, ‘हे आजार विचारतोय. मी उत्तर दिलं तर त्याचंच फावतं. मी इथेच आहे.’ काल चार फेऱ्या होत्या, आज दोन झाल्या, तर ते बोलून दाखवा. सोयरीक मोडेल म्हणून मुलीचा आजार लपवणाऱ्या आईवडिलांना मी कळकळीने सांगेन: उपचाराने बरी झालेली मुलगी संसार करू शकते, न सांगता, उपचाराशिवाय सासरी धाडलेल्या मुलीचे हाल होतात.

त्रास मध्यम किंवा जास्त असेल तर औषध लागतं, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन, एस्सिटॅलोप्रॅम ही नेहमीची औषधं. क्लोमिप्रामीन हे त्याहून जुनं. यांची सवय लागत नाही. मंत्रचळात यांचा डोस नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडणं ही सर्रास होणारी चूक. पहिल्या काही दिवसांत मळमळ, बेचैनी, झोपेत फरक होऊ शकतो. तो बहुधा ओसरतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर मात्र सुरुवातीला घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं आणि मरणाचे विचार बोलून दाखवले तर लगेच डॉक्टरांना कळवावं. बरं वाटल्यावरही औषध साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात आणि मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात. दिवस गेले तर घाबरून स्वतःच बंद करू नये, आधी विचारावं. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या हा यावरचा उपचार नव्हे. त्यांची मात्र सवय लागते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी मुद्दाम लिहितो. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते ती चार-पाच महिने परतत नाही, आणि औषध तिथे कोपीवर संपतं. निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आम्ही कारखान्यावर चाललो आहोत. जास्त दिवसांच्या गोळ्या आणि औषधांच्या नावांची चिठ्ठी सोबत घ्या. चिठ्ठीचा फोटो मुकादमाच्या नव्हे, स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवा.

दाखवायचं कुठे? गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बीड तीस-पस्तीस किलोमीटरवर, तिथल्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार मिळतो. कोणत्या दिवशी डॉक्टर असतात ते आधी विचारून जा, म्हणजे मजुरी बुडवून फेरी वाया जाणार नाही. जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. डॉक्टरांसमोर वही ठेवा. लाज वाटणारा विचार तोंडाने सांगता येत नसेल तर लिहून द्या. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे.

आणि गावातून हलणं जमत नसेल, किंवा रात्री दोनला सहन होत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक लावा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर सकाळची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी उठवा आणि 108 ला फोन करा. एरवी 14416 वर पहिलं वाक्य काय बोलायचं, असा प्रश्न पडला तर एवढंच म्हणा: ‘मला नको असलेले विचार पुन्हापुन्हा येतात आणि त्यापायी मला एकच गोष्ट परतपरत करावी लागते.’ पुढचं ते विचारतील.